नीटची रँक, रूरल कोटा आणि आपली मराठी मीडियमची पोरं

कडोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. केईएचं, म्हणजे कर्नाटकच्या परीक्षा प्राधिकरणाचं, मेडिकल सीटांचं काउन्सेलिंग लागलं की आपल्याकडं गल्लीगल्लीत एकच विषय, कुणाला किती पडले, कुठं लागलं, नाही लागलं तर आता रिपीट की बीएएमएस. आमच्या घरात यंदा तेच चाललंय. भाचीनं दुसऱ्यांदा नीट दिली, पहिली ते दहावी मराठी शाळांत, पुढं बेळगावात पीयू (अकरावी-बारावी) सायन्स. मार्क वाईट नाहीत खरं सरकारी सीटला पुरतील का सांगता येत नाही, आणि डीम्डची (खासगी अभिमत कॉलेजांची) फी ऐकून तर भाऊजी उठून बाहेरच गेले.

तिच्या मार्कांचं राहूदे. देशभर एकच पेपर, १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला चार चुकीला वजा एक, मंत्र्याच्या पोराला पण तेच आणि गवंड्याच्या पोरीला पण तेच, इथपर्यंत माझी काय तक्रार नाही. पुढं राज्याच्या ८५ टक्के सीटा भरताना सरकार स्वतःच मानतं की सगळी पोरं एका जागेवरनं पळत नाहीत. म्हणून खेड्यात शिकलेल्याला १५ टक्के आणि कन्नड मीडियमवाल्याला ५ टक्के. केईएच्या कटऑफची यादी उघडा, ३बीजी, ३बीके, ३बीआर असे कोड दिसतील, ३बी हा मागास प्रवर्ग, जी म्हणजे जनरल, आर म्हणजे रूरल, के म्हणजे पहिली ते दहावी कन्नड मीडियम. द्या की, माझा विरोध नाही. खरं आमच्या गावात कन्नड शाळा आणि मराठी शाळा एकाच कंपाउंडात हायत, पाण्याची टाकी एक, मैदान एक, दुपारचा भात एकाच चुलीवर शिजतोय. भिंतीच्या अलीकडच्या पोराला के मिळतो आणि पलीकडच्या पोराला काय? त्याच्यासाठी यादीत अक्षरच नाही. उर्दूवाल्यांचं पण तेच.

यावर तुमचं मत सांगा. सीमाप्रश्न इथं आणू नका, त्याला दुसरे धागे हायत.

निपाणी_एक्सप्रेस

झालं सुरू रडगाणं. ज्याला मार्क पडतात त्याला सीट, विषय संपला. ऑपरेशन टेबलावर झोपल्यावर डॉक्टर कुठल्या मीडियमचा हे कोण विचारतंय का?

शहापूरची_काकी

निपाणीकर, बोलायची तऱ्हा सोडली तर तुमचं निम्मं मला पटतं. २०१६ च्या आधी काय चालायचं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. माझ्या थोरल्याच्या वेळी राज्याची सीईटी वेगळी, खासगी कॉलेजांची कॉमेड-के वेगळी, एम्सची वेगळी, जिपमरची वेगळी, आणि डीम्डवाल्यांची प्रत्येकाची आपापली. प्रत्येक फॉर्मला हजाराच्या वर पैसे आणि सेंटर कुठं तर बेंगळूर, पुणे, कुठं कुठं. एका कॉलेजात तर आम्हाला आत बोलावून चहा दिला, पोराच्या मार्कांचं नाव पण नाही काढलं आणि सरळ आकडा सांगितला. आमचे हे घाम पुसत बाहेर आले. आता निदान मॅनेजमेंट सीटला पण नीट पास व्हावं लागतंय आणि काउन्सेलिंग ऑनलाइन आहे. एक परीक्षा ही गरिबाच्या पोराच्या हातातली एकमेव गोष्ट आहे जिला वशिला लागत नाही, ती काढून घ्यायची भाषा कुणी करू नये.

कडोलीकर

काकी, काढा म्हणतंय कोण. परीक्षा राहूदे. तुमचा मॅनेजमेंटचा मुद्दा तेवढा पुढं न्या. जनरलला पात्र व्हायला ५० पर्सेंटाइल (निम्म्या पोरांच्या वर) लागतं, २०२४ ला ते ७२० पैकी १६२ वर आलेलं. म्हणजे १६५ वाला पैसे असले की कुठल्यातरी डीम्डमधनं डॉक्टर होऊ शकतो आणि साडेपाचशेवाली गवंड्याची पोरगी घरात बसते. निपाणीकर, टेबलावर झोपल्यावर हे पण विचारा की मग.

निपाणी_एक्सप्रेस

ते पैशाचं वेगळं. ते बंद करा म्हणा, मी सही करतो पहिली. मी कोट्याबद्दल बोलतोय.

मास्तर_खानापूर

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, मराठी मीडियम, जंगलपट्ट्यातली शाळा, त्यामुळं थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

दहावीपर्यंत आमची पोरं मराठीतनं विज्ञान शिकतात आणि चांगलं शिकतात, एसएसएलसीला (दहावीच्या बोर्डाला) शंभरात नव्वदच्या वर घेणारी पोरं दरवर्षी असतात. मग पीयू. सायन्सला मराठी मीडियम आपल्या राज्यात नाहीच, वर्गात इंग्रजी आणि सर समजावून सांगायला लागले की कन्नड. पहिले चार-पाच महिने पोरगं फक्त फळ्यावरचं उतरवून घेतं. माझा एक विद्यार्थी दिवाळीला घरी आला तेव्हा मी त्याची फिजिक्सची वही बघितली, अक्षर मोत्यासारखं, आकृत्या पट्टीनं काढलेल्या, एक ओळ चुकलेली नाही. एक गणित सोडव म्हटलं तर मान खाली. दहावीला ह्याच पोरानं मला वर्गात उलटे प्रश्न विचारून घाम फोडलेला. आणि त्याच महिन्यांत शहरातलं पोर, जे आठवीपासनं फाउंडेशन कोर्सला बसलंय, ते अकरावीचा निम्मा सिलॅबस दुसऱ्यांदा करत असतं. नीट ही अकरावी-बारावीवरची परीक्षा, त्यामुळं अकरावी गेली की निम्मा पेपर गेला. म्हणून आमची पोरं पहिल्या वेळी लागत नाहीत, एक वर्ष रिपीट करतात तेव्हा कुठं ती अकरावी भरून निघते. आणि रिपीट करायला लातूर, हुबळी नाहीतर मंगळूरकडं हॉस्टेलवर राहायला दीड-दोन लाख कोण देणार? सोसायटीचं कर्ज काढतात, नाहीतर म्हैस विकतात. तेवढं पण नसेल तर पोरगी बीएससीला जाते आणि पुढच्या वर्षी लग्न.

आता रूरल कोट्याचं. तो मराठी पोरालाही मिळतो हे खरं आहे, त्यामुळं सगळं दार बंद आहे असं म्हणू नये. खरं त्याची अट वाचा. पहिली ते दहावी पूर्ण दहा वर्षं ग्रामीण भागात, त्यातलं एक वर्ष जरी शहरात झालं तर गेलं. आणि शहर म्हणजे बेळगावच नव्हे, पट्टण पंचायत (छोट्या शहराची पंचायत) असली तरी ते ग्रामीण धरत नाहीत. आमच्याकडं वाडीत सातवीपर्यंत शाळा, पुढं हायस्कूलला पोरं खानापूर गावात जातात कारण एसटी तिथंच जाते. वाडी जंगलात, घरात रेंज नाही, आणि कागदावर पोरगं शहरी. दरवर्षी दोन-तीन पालक बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसात फॉर्म काउंटरसाइन करायला जातात आणि तिथं त्यांना हे पहिल्यांदा कळतं.

शहापूरची_काकी

मास्तर, हे तुम्ही पोर सातवीत असताना का नाही सांगत पालकांना?

मास्तर_खानापूर

सांगतो की काकी. सांगून एसटी वाढते का?

डॉ_रामतीर्थ

मी इथल्याच सरकारी कॉलेजातनं एमबीबीएस केलंय, आता जनरल मेडिसिन बघतो. निपाणीकरांच्या टेबलाबद्दल थोडं. टेबल शेवटी येतं, त्याच्या आधी ओपीडी येते आणि तिथं भाषा लागते. बेळगावच्या ओपीडीत एका सकाळी गोकाक-सौंदत्तीकडचे कन्नड बोलणारे येतात, खानापूरकडचे मराठी-कोकणी मिसळून बोलणारे येतात, चंदगड तर महाराष्ट्रात आहे खरं त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ म्हणून ते पण इथंच. मागं एक आजी आल्या, पोट दुखतंय. इंटर्न पोरगा बेंगळूरचा, अतिशय हुशार, रँक माझ्यापेक्षा कितीतरी वरची. तो कन्नडातनं, मग इंग्रजीतनं, मग हातवारे करून विचारतोय किती दिवस, किती दिवस. आजी म्हणतात, नंदगडच्या बाजाराच्या आदल्या रात्रीपासनं, आणि जेवलं की उतरतंय, उपाशी राहिलं की परत येतंय. अर्धं निदान तिथंच सांगून टाकलं आजींनी आणि कागदावर लिहिलं गेलं पोटदुखी, काही दिवस. शेवटी वॉर्डातली आया दुभाषी झाली. आता तो पोरगा वाईट डॉक्टर आहे का? अजिबात नाही, सहा महिन्यांत शिकला, जाताना ‘काय आज्जी, जेवलासा काय’ म्हणायचा. खरं एका बॅचमध्ये चार-पाच पोरं तरी इथल्या मातीतली असली की बाकीची पण त्यांच्याकडनं शिकतात, हे मी स्वतः बघितलंय. आमच्या बॅचला खानापूरकडचा एक होता, त्याला सगळे रात्री-अपरात्री उठवायचे.

दुसरं म्हणजे गावात कोण जातं. राज्यात एमबीबीएस नंतर एक वर्ष सक्तीच्या ग्रामीण सेवेचा कायदा २०१२ चा आहे, त्यावर कोर्टकज्जे पण झाले. सक्तीनं आलेला माणूस ३६५ वा दिवस मोजत असतो. कणकुंबी, जांबोटीकडं पावसाळ्यात जो स्वतःहून राहील तो बहुतेक तिकडचाच कुणीतरी असणार.

निपाणी_एक्सप्रेस

डॉक्टरसाहेब, याला गॅरंटी काय? कोट्यातनं आलेला पण पुढं पीजी करून पुण्यालाच पळतो. आमच्या भावकीतला पळालाय.

डॉ_रामतीर्थ

पळतात, खरं आहे. सगळे नाही पळत.

सॅनहोजेचा_बेळगावकर

इकडची, अमेरिकेतली, गंमत सांगतो, कारण हाच वाद इथं पन्नास वर्षं चाललाय. इकडं मेडिकलला एमकॅट नावाची परीक्षा, स्कोअर ४७२ ते ५२८. खरं निव्वळ स्कोअरवर सीट मिळत नाही, कॉलेजचे मार्क, निबंध, शिफारसपत्रं, इंटरव्ह्यू, सगळं बघतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजनं १९७० च्या दशकात १०० पैकी १६ सीटा अल्पसंख्याकांसाठी बाजूला काढल्या, त्यावर बॅकी नावाच्या गोऱ्या उमेदवारानं केस केली. १९७८ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, असा ठरावीक आकड्याचा कोटा चालणार नाही, वंश हा अनेक मुद्द्यांतला एक म्हणून बघितला तर चालेल. त्यावर पंचेचाळीस वर्षं गाडी चालली, जून २०२३ मध्ये हार्वर्डच्या केसमध्ये तेही काढून टाकलं. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२४ ला, मेडिकलला नव्यानं आलेल्यांत कृष्णवर्णीयांचा आकडा ११ टक्क्यांहून जास्त घटला.

मला सांगायचंय ते पुढचं आहे. कॅलिफोर्नियात वंश बघायला १९९६ पासनंच बंदी होती. त्याच डेव्हिसनं मग वेगळी वाट काढली, प्रत्येक अर्जदाराला अडचणींचा एक आकडा द्यायचा, ० ते ९९. घरचं उत्पन्न किती, आईबाप किती शिकलेले, वाढला तो भाग डॉक्टर नसलेला होता का, असलं सगळं धरून. स्कोअरच्या शेजारी तो आकडा ठेवून बघायचं. जात नाही, भाषा नाही, वंश नाही, पोरगं कुठनं आलं एवढंच. मास्तरांचा वाडीतला पोरगा तिथं कागदावर शहरी ठरला नसता.

शहापूरची_काकी

आकडा ठीक आहे, इंटरव्ह्यू आणि निबंध मात्र तिकडंच ठेवा बाबा. इथं इंटरव्ह्यू ठेवला तर पहिला प्रश्न येईल, तुझा मामा कोण. आणि शिफारसपत्र तर आमदाराच्या लेटरहेडवर येईल, तालुक्यातल्या सगळ्या पोरांना एकच मजकूर, फक्त नाव बदलून.

सॅनहोजेचा_बेळगावकर

हाहाहा, काकी शंभर टक्के मान्य. आणि ते अडचणीचं उत्पन्न पण तिकडं नाडकचेरीत (दाखले देणाऱ्या सरकारी ऑफिसात) जाऊन कसं कमी करून आणतात ते माहीत आहे मला, मी पण तिकडचाच.

वकीलबुवा

धाग्यात दोन-तीन गोष्टी अर्धवट आल्यात, त्या पुऱ्या करतो कारण पालक वाचत असतील.

नीट मराठीतनं देता येते, २०१७ पासनं. सगळ्यांना वाटतं मग काय अडचण. अडचण अशी की प्रादेशिक भाषेचा पेपर त्या-त्या राज्यातल्या सेंटरवरच मिळतो. कर्नाटकातल्या सेंटरवर इंग्रजी, हिंदी, उर्दू, कन्नड. मराठी पेपर हवा तर सेंटर महाराष्ट्रात घ्या. म्हणजे खानापूरच्या पोरीनं मेमधल्या रविवारी सव्वाशे-दीडशे किलोमीटर कोल्हापूरला जायचं, दीड वाजता गेट बंद होतंय म्हणून आदल्या दिवशीच जाऊन कुणाच्यातरी घरी झोपायचं, आणि त्या आठवड्यात सीमावादावरनं दोन राज्यांच्या गाड्या बंद असल्या तर मग वडापच (खासगी जीप). पेपरात मराठीच्या शेजारी इंग्रजी असतंच आणि फरक पडला तर इंग्रजीच शेवटचं धरतात, त्यात पीयू इंग्रजीतनं झालेलं असतं, त्यामुळं आपल्या भागातनं मराठी पेपर कोण घेत नाही आणि मग वरचे म्हणतात मागणीच नाही.

दुसरं, सात वर्षांचा नियम. पहिली ते बारावीत मिळून सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं आणि दहावी किंवा बारावी यातली एक तरी इथून पास, एवढं असलं की केईएला पात्र. त्यामुळं अकरावी-बारावीला लातूरला पाठवलं म्हणून इथला हक्क जात नाही. लोक उगाच घाबरतात आणि एजंट त्या भीतीवर पैसे खातात.

तिसरं, महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी भाषिकांसाठी मेडिकलला वेगळ्या सीटा असतात, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या ८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव पाहिजे आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला पाहिजे. सीटा अगदी मोजक्या, आणि त्यासाठी महाराष्ट्राच्या सीईटी सेलकडं वेगळा अर्ज, वेगळी फी. केईएवर भरलं म्हणजे तिकडं पोचलं असं होत नाही. कडोलीकर, धाग्यावर सीमाप्रश्न नको म्हणालात खरं फॉर्ममध्ये तो असतोच.

कडोलीकर

वकीलबुवा, हे तिसरं आम्हाला माहीत नव्हतं, यादी काढून बघतो लगेच.

निपाणी_एक्सप्रेस

मग काय, दोन्हीकडनं कोटा. मजा आहे तुमची.

मास्तर_खानापूर

निपाणीकर, निपाणी पण त्याच यादीत आहे हो. 😀

सॅनहोजेचा_बेळगावकर

तमिळनाडूचं कुणी नाही काढलं अजून. तिथं २०२१ ला न्या. राजन यांची समिती नेमलेली, नीट आल्यावर कोण आत येतंय हे बघायला. नीटच्या आधी तमिळ मीडियमची पोरं पंधरा टक्क्यांच्या आसपास असायची, नंतर दोन-तीन टक्क्यांवर आली. आणि रिपीटर २०१६-१७ ला १२ टक्के होते ते २०२०-२१ ला ७१ टक्के. म्हणजे मास्तर म्हणतात तसंच, ज्याच्या घरात एक वर्ष फुकट घालवायची ऐपत त्याची परीक्षा. त्या सरकारनं २०२० ला सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी ७.५ टक्के सीटा राखल्या, पण परीक्षा तीच आणि पात्रता तीच. आपल्या विधानमंडळानं जुलै २०२४ मध्ये नीट नको म्हणून ठराव केला, त्यापेक्षा हे सरकारी शाळेचं केलं असतं तर आतापर्यंत दोन बॅच आत गेल्या असत्या.

डॉ_रामतीर्थ

सरकारी शाळा हा निकष मला सगळ्यात बरा वाटतो. मराठी, उर्दू, कन्नड सगळी त्यात बसतात, पट्टण पंचायतीचा घोळ नाही, आणि दाखला शाळेचाच असल्यामुळं उत्पन्नासारखा मॅनेज होत नाही. झालाच तर एक फायदा म्हणजे चार शहाणी माणसं पोरं परत सरकारी शाळेत घालतील.

शहापूरची_काकी

आठवी ते दहावी सरकारीत नाव आणि बसायला कोचिंगला, हे पण करतील. डमी पीयू चालतंयच की आता.

डॉ_रामतीर्थ

करतील. म्हणून पहिलीपासनं धरायचं, एवढी वर्षं डमी कोण ठेवणार.

निपाणी_एक्सप्रेस

हे ठीक आहे. भाषा आली की मी भांडतो, सरकारी शाळा म्हटल्यावर माझं काय म्हणणं नाही, मी पण नगरपालिकेच्याच शाळेतला. मार्कांचं मात्र ऐका. मार्क मार्क काय करता, २०२४ ला ६७ जणांना पैकीच्या पैकी आले, परत निकाल लावल्यावर १७ राहिले, आणि २०२५ ला पहिला आला तो ६८६ वर. पेपर बदलला की आकडा बदलतो, त्यामुळं मागच्या वर्षीचा कटऑफ घेऊन कुणी भाचीला घाबरवू नका. रँक बघा.

कडोलीकर

बघा, निपाणीकर कामाचं बोलले. 🙏

माझं म्हणणं बदललेलं नाही. के द्यायचा तर सगळ्या सरकारी शाळांना द्या, नाहीतर त्याचं नाव कन्नड कोटा असं सरळ ठेवा, मागासलेपणाचं कारण देऊ नका. कन्नडचा मान राखायचा म्हणून ठेवला असेल तर तसं म्हणा, त्यालाही कारण असू शकतं. आणि बेळगावात एका सेंटरवर मराठी पेपर ठेवायला काय खर्च येतो? पेपर छापलेलाच असतो, कोल्हापूरपर्यंत येतोच, पुढं दोन तासांचा रस्ता.

मास्तर, एक विचारायचं होतं. भाचीचं गाव ग्रामपंचायतीतलं आहे, खरं नववी-दहावीला ती ज्या हायस्कूलला गेली ते हद्दीवर आहे, मधे हद्दवाढीचं काहीतरी चाललेलं. रूरल धरतील का?

मास्तर_खानापूर

ती ज्या वर्षी तिथं शिकत होती त्या वर्षी शाळा कुठल्या हद्दीत होती ते महत्त्वाचं. हेडमास्तरांकडनं स्टडी सर्टिफिकेट वर्षवार लिहून घ्या, सरसकट पाचवी ते दहावी असं नको. हद्दवाढीची ऑर्डर असेल तर तिची झेरॉक्स जोडा आणि बीईओ ऑफिसला सोमवारी सकाळी दहाच्या आत जा, नंतर साहेब मीटिंगला असतात. व्हेरिफिकेशनच्या तारखेच्या आधी आठ दिवस तरी हातात ठेवा. क्लार्क नाही म्हणाला तर लेखी मागा, लेखी मागितलं की बहुतेक वेळा सही होते.

कडोलीकर

उद्याच हेडमास्तरांना गाठतो.